नंबर तोच ठेवून कंपनी सोडायचीय? १९०० ला मेसेज टाकायच्या आधी हे बघून घ्या

लाईट गेली की थोड्या वेळानं टॉवरची बॅटरी पण मान टाकते, मग ना फोन लागतो ना ओटीपी येतो, आणि कस्टमर केअरवाले म्हणतात सर तुमच्या एरियात तर नेटवर्क एकदम चांगलं दाखवतंय. किनवटकडं असो का भूम-परंड्याकडं, रडगाणं सगळीकडं हेच आहे. तरी लोक कंपनी सोडत नाहीत, कारण नंबर आधारला, बँकेला, पीएम किसानला, पीकविम्याला जिथं तिथं जोडलेला असतो. पण नंबर बदलायचाच नाही ना. पोर्टिंगची, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, आणि जुलै २०१५ पासून तर दुसऱ्या राज्यात राहायला गेलात तरी नंबर तोच ठेवून तिथली कंपनी घेता येते. नंबर तोच म्हणल्यावर आधार-बँकेत परत लिंक करायची पण गरज नाही.

माणसं अडकतात ती पात्रतेत. डिसेंबर २०१९ पासून नियम असाय की १९०० ला मेसेज टाकल्यावर तुम्ही पात्र असाल तरच पोर्टिंगचा कोड (नवीन कंपनीत तोच द्यायचा असतो) तयार होतो, नसाल तर कोडच्या जागी नकाराचा मेसेज येतो, त्यात कारण लिहिलेलं असतं. म्हणून खरं काम मेसेज टाकायच्या आधीचं.

सगळ्यात आधी, जाणार कुठं ते बघा. दुकानदार कमिशनसाठी काही पण सांगेल, त्याच्यावर जाऊ नका. शेजारच्याचं सिम दिवसभर आपल्या फोनमधे टाकून घरात, शेतात, विहिरीजवळ रेंज किती येते ते बघा, कंपन्यांच्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे पण असतात आता, पण आपल्या वावरात उभं राहून बघणं वेगळं. अजून एक, घरात म्हाताऱ्या माणसाकडं जुना टू-जीचा कीपॅड फोन असेल तर फक्त फोर-जीवर चालणाऱ्या कंपनीचं सिम त्यात चालणार नाही, आणि काही स्वस्त कीपॅड फोर-जी फोन एकाच कंपनीच्या सिमवर चालतात, म्हणजे पोर्ट केलं की हँडसेट पण नवीन घ्यावा लागणार. हे आधीच डोक्यात धरा.

आता पात्रता. नंबर चालू होऊन किंवा मागच्या वेळी पोर्ट करून ९० दिवस झालेले पाहिजेत, म्हणजे नवीन कंपनी पण रद्दीच निघाली तरी तीन महिने काढावेच लागतात. सिम हरवलं म्हणून डुप्लिकेट घेतलं असेल तर ७ दिवस कोड मिळत नाही, हा नियम १ जुलै २०२४ पासूनचा, दुसऱ्याच्या नंबरचं सिम काढून फसवणूक करायचे प्रकार वाढले होते म्हणून आणला. नंबरवरून कोर्टात केस चालू असेल किंवा नाव बदलायचा अर्ज पेंडिंग असेल तरी अडतं. प्रीपेडवाल्यांना एवढंच, फक्त उरलेला बॅलन्स आणि पॅक सोबत येत नाही, तो गेला म्हणूनच समजा. म्हणून वर्षाचा पॅक मारल्या मारल्या पोर्ट करू नका, पॅक संपत आल्यावर करा.

पोस्टपेडवाल्यांचं जरा जास्त आहे. जे बिल निघालंय आणि ज्याची तारीख उलटून गेली ते पूर्ण भरलेलं पाहिजे, दहा रुपये राहिले तरी नकार येऊ शकतो. दुसरं म्हणजे ॲग्रीमेंट. व्हीआयपी नंबर घेताना, सवलतीचा प्लॅन घेताना कधी कधी अमुक महिने सोडणार नाही अशी अट असते आणि आपण न वाचता सही करून येतो (ॲपवर तर सही पण नाही, नुसती टिक). अशी अट असेल तर मुदत पूर्ण करा नाहीतर त्यात लिहिलेली रक्कम भरून मोकळे व्हा. काउंटरवरचा माणूस तोंडी म्हणाला लॉक-इन आहे तर त्याला म्हणा दाखवा कुठं लिहिलंय, माझ्या सहीचा कागद दाखवा. बऱ्याचदा कागद निघतच नाही. फायनान्सवर घेतलेल्या मोबाईलचा हप्ता मात्र वेगळी गोष्ट, ते कर्ज फायनान्सवाल्याचं, नंबर कुठल्या पण कंपनीत न्या हप्ता चालूच राहतो.

आपल्याकडं सगळ्यात जास्त घोळ नावाचा. सिम बापाच्या नावावर, वापरतं पोरगं. किंवा ज्याच्या दुकानातून घेतलं त्यानं दुसऱ्याच कुणाच्या कागदावर चालू करून दिलेलं. पोर्ट करताना नंबर ज्याच्या नावावर आहे त्याच माणसाचे कागद आणि तोच माणूस समोर लागतो, कारण फोटो आणि केवायसी त्याचीच होणार. बाप गावात असेल तर त्यांनाच दुकानात घेऊन जा, विषय संपला. वारले असतील तर आधी सध्याच्या कंपनीच्या गॅलरीत जाऊन नाव ट्रान्सफर करून घ्यायचं, मृत्यू प्रमाणपत्र, नातं दाखवणारा पुरावा आणि तुमचं ओळखपत्र घेऊन जा, आणि ते काम पूर्ण झाल्यावरच पोर्टचं बघा. आपल्या नावावर एकूण किती नंबर चालू आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी वेबसाइटवर दिसतं, एका माणसाला ९ च्या वर कनेक्शन ठेवता येत नाहीत, ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथंच रिपोर्ट करा. वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांत कामाला असणाऱ्यांना कंपनीचं सिम मिळतं, ते कंपनीच्या नावावर असतं, तिच्या अधिकारपत्राशिवाय हलत नाही.

हे सगळं क्लिअर असेल तर मेसेज. जो नंबर न्यायचा त्याच्यावरूनच, इंग्रजी कॅपिटलमधे पोर्ट, मग एक स्पेस, मग दहा आकडी नंबर, आणि पाठवा १९०० ला. आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात, तो ४ दिवस चालतो. तेवढ्यात गेला नाहीत तर परत मेसेज. छोट्या रिचार्जमधे एसएमएस नसतोच, मग मेसेज जात नाही, ही तक्रार लई जणांची होती, त्यावर ट्रायनं (मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी नियामक संस्था) डिसेंबर २०२१ मधे कंपन्यांना सांगितलंय की रिचार्ज कितीचा पण असो, पोर्टचा मेसेज जाऊ द्यायचाच. नाही गेला तर ही गोष्ट सांगून तक्रार टाका.

कोड घेऊन नवीन कंपनीच्या दुकानात जायचं, सोबत आधार, किंवा मतदान कार्ड, पासपोर्ट, लायसन यातलं काही. पोस्टपेड असेल तर शेवटचं बिल आणि भरल्याची पावती जवळ असू द्या. तिथं थेट फोटो काढतात, फॉर्म भरतात, नवीन सिम देतात. फी अगदी किरकोळ असते, दुकानदार शंभर-दोनशे मागायला लागला तर कशाचे ते विचारा. आपल्या सर्कलमधे, म्हणजे मुंबई सोडून महाराष्ट्र आणि गोवा, ३ कामाचे दिवस लागतात. पुण्याला राहायला गेलेला परभणीचा पोरगा याच सर्कलमधे, पण मुंबई किंवा हैदराबादची कंपनी घ्यायची तर सर्कल बदलतं, मग ५ दिवस. कंपनीच्या नावावरच्या नंबरला पण ५.

या दिवसांत जुनी कंपनी फोन करकरून जीव खाते, अर्ध्या किमतीत प्लॅन देतो, खास तुमच्यासाठी ऑफर. इतके दिवस कुठं होती ही ऑफर? खरंच पटली तर अर्ज दिल्यापासून २४ तासांत १९०० ला इंग्रजीत कॅन्सल, स्पेस, नंबर असं पाठवून थांबवता येतं, पण ऑफर तोंडी नको, मेसेजवर घ्या. जुनं सिम बंद पडेपर्यंत फोनमधेच ठेवा. बहुतेक रात्री बदलतं, काही तास दोन्ही सिम मुके राहतात. परीक्षेचा फॉर्म किंवा पीकविम्याची शेवटची तारीख तोंडावर असेल तर त्या आठवड्यात हा उद्योग करूच नका, ओटीपीवाचून अडाल.

पोस्टपेडचं एक शेपूट राहतं. पोर्ट झाल्यावर जुनी कंपनी शेवटचं बिल पाठवते आणि आता काय संबंध म्हणून लोक ते भरत नाहीत. मग जुनी कंपनी नवीन कंपनीला कळवते आणि चांगला चालू नंबर बंद होतो. भरा, पावती ठेवा, आणि डिपॉझिट दिलं असेल तर ते लेखी परत मागा.

विनाकारण नकार दिला, खोटी थकबाकी दाखवली, तर जुन्या कंपनीच्या तक्रार नंबरवर, १९८ ला फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रार नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. चुकीचा नकार दिला म्हणून ट्राय कंपनीला एका प्रकरणात १०,००० रुपयांपर्यंत दंड लावू शकतं, पण एकेकट्याची तक्रार ट्राय घेत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि तिकडंच अर्ज करत बसतात. १९८ वर सुटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं, तिथं फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष पण आहे, नंबर १०६३. आणि ग्राहक आयोग. पूर्वी कंपन्या म्हणायच्या टेलिकॉमची केस तिथं चालत नाही, ते सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२२ मधे मोडीत काढलं. जिल्ह्याच्या ठिकाणी आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. तक्रार नंबर, नकाराच्या मेसेजचा स्क्रीनशॉट आणि बिलाच्या पावत्या तेवढ्या फाईलला लावून न्या.