विद्यापीठात गायन शिकताय? केंद्राच्या युवा कलाकार शिष्यवृत्तीचा अर्ज कसा कराल

एम. ए.ला गायन शिकणाऱ्या मुलामुलींना फीपेक्षा वेळेची चणचण जास्त छळते. सकाळी रियाज, दुपारी वर्ग आणि खोलीभाडं निघावं म्हणून संध्याकाळी शिकवण्या. गळा थकतो तो यातच. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती अशा वेळी मोठा आधार ठरते. दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये मिळतात, पण रक्कम महिन्याला न येता ३०,०००च्या चार सहामाही हप्त्यांत येते. सगळ्या कलाप्रकारांत मिळून वर्षाला जास्तीत जास्त ४०० शिष्यवृत्त्या असतात.

अर्जदार भारतीय नागरिक हवा आणि अर्जाच्या वर्षी १ एप्रिलला वय १८ ते २५ हवं. वयात सवलत नाही. अठरावा वाढदिवस २ एप्रिलला असेल, तरी त्या वर्षी थांबावंच लागतं. शिष्यवृत्ती प्रगत शिक्षणासाठी आहे, नवशिक्यांसाठी नाही. ते शिक्षण विद्यापीठात किंवा गुरूंकडे, कुठेही चालतं. मात्र ते पूर्ण वेळ हवं आणि रोज किमान तीन तास रियाज अपेक्षित असतो.

सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे गुरूंकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिकल्याचा दाखला. सध्याच्या गुरूंची सही लागते आणि आधी दुसरीकडे शिकला असाल, तर त्या गुरूंचीही. घाई होते ती इथेच. गावी लहानपणी ज्यांच्याकडे सुरुवात केली, त्या बाईंना किंवा बुवांना जाहिरात निघायच्या आधीच भेटून या. किती सालापासून किती सालापर्यंत शिकलात, हे दाखल्यात स्पष्ट लिहून घ्या. विशारद, अलंकारची प्रमाणपत्रं आणि पदवीच्या गुणपत्रिका जोडाव्यातच, पण गुरूंच्या दाखल्याची जागा त्या घेत नाहीत. वयासाठी दहावीचं प्रमाणपत्र आणि कार्यक्रम, स्पर्धांचे पुरावे असतील तर तेही एकत्र ठेवा.

अर्जाची प्रक्रिया दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, पाहतं. त्यांचीच १० ते १४ वयाच्या मुलांसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे. तो अर्ज चुकून भरू नका. विभाग निवडतानाही नीट बघा. ख्याल हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतात येतो, तर ठुमरी, दादरा, टप्पा, गझल उपशास्त्रीयमध्ये. ज्यात तालीम पक्की आहे, तोच विभाग घ्या.

पात्र उमेदवारांना तज्ज्ञ समितीसमोर बोलावतात. गाणं ऐकतात, प्रश्न विचारतात; संबंधित कलांची जाण हवी, असंही नियमातच आहे. हातखंडा रागाखेरीज आणखी दोन-तीन राग तयार ठेवा, आपल्या बंदिशींचे ताल आणि रागांचे नियम बोलून सांगता येतील इतके घोटा. चांगलं गाणारी मुलं बोलताना अडखळतात, याचं फार वाईट वाटतं.

निवड झाल्यावर दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यावा लागतो. विद्यापीठात शिकत असाल, तर त्यावर सही कोण करणार हे विभागप्रमुखांशी आधीच बोलून घ्या, म्हणजे पुढचा हप्ता अडकणार नाही.