बिबट्याचा ‘बंदोबस्त’ : जुन्नरच्या पिंजऱ्यांची पार्श्वभूमी

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतून वन विभागाकडे येणाऱ्या निवेदनांत एक मागणी ठरलेली असते : ‘बिबट्याचा तातडीने बंदोबस्त करावा.’ २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन लेकरं होती. तेव्हापासून ही मागणी पुन्हा सगळीकडून होते आहे. मात्र ‘बंदोबस्त’ या एका शब्दात जो तो आपला अर्थ घालतो. ज्यांच्या घरातलं मूल गेलं, त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ ‘मारून टाका’ एवढाच असतो आणि त्यांना कुणी बोल लावू नये. सरपंचाला गावात पिंजरा आलेला दिसायला हवा असतो. वरच्या कार्यालयाला जनावर ‘जेरबंद’ झाल्याचा अहवाल हवा असतो. जो वनपाल किंवा वनक्षेत्रपाल प्रत्यक्ष कामावर देखरेख करतो, त्याच्यापुढचा प्रश्न मात्र निराळा असतो : हल्ला करणारं जनावर नेमकं कोणतं? या प्रश्नाला सगळ्यांत कमी वेळ मिळतो. तो का, हे कळायला २००१ ते २००४ हा काळ नीट पाहावा लागतो.

त्याआधीचं थोडक्यात. इंग्रजी अमदानीत बंदोबस्त म्हणजे मारणं आणि पुरावा दाखवून बक्षीस घेणं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत अशा बक्षिसांपायी ८० हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही चाल मोडली आणि पुढे बिबट्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आला.

त्याच सुमारास जुन्नरकडची जमीन बदलत होती. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले आणि बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात असतो, त्यानंतर तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारा खोडवा. बिबट्याच्या मादीचा गाभणकाळ तीन-साडेतीन महिन्यांचा. म्हणजे एका उसाच्या पिकात तिचं विणं होतं आणि पिल्लं फिरती होतात. पाणी आहे, आडोसा आहे, वस्तीवर कुत्री आहेत, गोठ्यात शेळ्या आहेत. शेजारच्या अकोले तालुक्यात नंतर झालेल्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे आढळले, आणि त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. ऊसतोडीत फडात पिल्लं सापडतात ती जंगलातून वाट चुकून आलेली नसतात. ती तिथेच जन्मलेली असतात. ‘जंगलात खायला उरलं नाही म्हणून बिबट्या गावात आला’ हे वाक्य इथे निदान दोन पिढ्यांनी शिळं आहे.

२००१ च्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले आणि एक निर्णय झाला : मानवी वस्तीतले बिबटे पकडायचे आणि दूरच्या जंगलात सोडायचे. मारायचं नाही, जन्मभर कोंडायचंही नाही, गावाजवळही ठेवायचं नाही. तिन्ही बाजूंनी अडलेल्या अधिकाऱ्याला हा मार्ग माणुसकीचा वाटला, आणि त्या वेळी त्याला हरकत घेणारे फार नव्हते. २९ बिबटे पकडून सरासरी ४० किलोमीटर अंतरावरच्या जंगलांत सोडण्यात आले. पुढे या काळाच्या नोंदी जुळवून पाहिल्या, तेव्हा १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी चार असलेले हल्ले २००१ ते २००३ मध्ये वर्षाला सतरावर गेलेले दिसले.

या आकड्यावर अजून वाद घातला जातो. हल्ले वाढले म्हणून बिबटे पकडले गेले, मग पकडण्यालाच दोष का द्यायचा, असा एक प्रश्न असतो. तो रास्त आहे. पण नुसती योगायोगाची गोष्ट म्हणून सोडून द्यावं, तर बिबट्याची जीवनरीत आड येते. बिबट्या आपलं क्षेत्र राखून राहतो. एक उचलला की मोकळ्या जागेत दुसरा येतो, बहुधा तरणा आणि त्या परिसरातल्या माणसांच्या येण्याजाण्याला न सरावलेला. उचललेला बिबट्या पिंजऱ्यात धडका देतो, सुळे मोडून घेतो, गर्दीच्या आरड्याओरड्यात दिवस काढतो आणि परक्या मुलखात सुटतो. तिथली जागा आधीच दुसऱ्या बिबट्याची असते. मग तो घराकडे चालू लागतो आणि वाटेत गावं लागतात. २००४ च्या जून महिन्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला एकामागून एक माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्या उद्यानात बाहेरून आणलेले बिबटेही सोडलेले होते. ज्यांनी ते सोडले त्यांचा हेतू चांगला होता, याविषयी मला शंका नाही. परिणाम मात्र डोंगरकडेच्या गरीब वस्त्यांनी भोगला, हेही तितकंच खरं.

या काळाने एक चांगली सवय मागे ठेवली. पकडलेल्या जनावराच्या शेपटीच्या बुडाशी मायक्रोचिप बसवायची, नर की मादी, दात, वजन, जखमा लिहून ठेवायच्या. त्याआधी एकाच जनावराला तीनदा पकडलं तरी अहवालात तीन बिबटे मोजले जात. २००९ मध्ये काही बिबट्यांना उपग्रहावरून माग देणारे पट्टे घातले गेले. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ त्यांतलाच. जेमतेम महिनाभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत तो वसईच्या बाजूला पोहोचला, वाटेत रेल्वे आणि महामार्ग ओलांडले, पण माणसाच्या अंगावर गेल्याची नोंद नाही. २०११ मध्ये तो रस्त्यावर वाहनाखाली मेला. त्याच वर्षी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या : बिबट्या नुसता दिसला म्हणून पकडू नका, विहिरीतून काढलेला असेल तर जवळच सोडा, दूर नेऊन सोडणं टाळा.

आता पिंजऱ्याकडे. शेळी बांधून लावलेला पिंजरा ही कायद्याच्या नजरेत शिकार आहे, हे गावात सांगितलं तर कुणाला पटत नाही. पण शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही. पकडणं, सापळा लावणं, आमिष ठेवणं हेही येतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी अशा शिकारीची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात, आणि तीही कलम ११ खाली, जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक आहे किंवा बरं होण्यापलीकडे जायबंदी वा आजारी आहे अशी खात्री पटल्यावर, कारणं लेखी नोंदवून. गोठ्यातली कालवड गेली एवढं कारण त्याला पुरत नाही. त्यासाठी पंचनामा आणि भरपाई आहे. कलमातला शब्द ‘धोकादायक’ आहे, वर्तमानपत्रांतला ‘नरभक्षक’ नाही. संध्याकाळी उसाच्या कडेला वाकून बसलेल्या माणसावर झडप पडली, तर ते जनावर माणूस खायला सोकावलं आहे असं एका घटनेवरून ठरवता येत नाही. २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने आणखी दोन अटी घातल्या : पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं शक्य नसेल तरच मारण्याचा आदेश द्यावा, आणि पकडलेलं जनावर जंगलात परत जाऊच शकत नाही असं ठरल्याशिवाय कोंडून ठेवू नये.

वस्तीवरचा वनरक्षक या सगळ्याच्या मध्ये उभा असतो. समोर जमाव, हातात मोबाइल, परवानगी अजून आलेली नाही. ती आली आणि बिबट्या पिंजऱ्यात सापडला, तरी हल्ला करणारा तोच कशावरून, याचं उत्तर ठसे, कॅमेऱ्यात टिपलेले अंगावरचे ठिपके आणि जखमेतल्या लाळेचा नमुना यांतून मिळवावं लागतं. व्याघ्र प्रकल्पांत या कामाला कंत्राटी का होईना जीवशास्त्रज्ञ असतात. उसाच्या पट्ट्यात बहुतेक भार गणवेशातल्या माणसांवरच पडतो. वणवा, अतिक्रमण, रोपवाटिका सांभाळून हे काम करणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे, आणि त्यांना असं एकटं सोडल्याबद्दल राग आहे. रात्रीच्या वीजपुरवठ्यामुळे पिकाला पाणी द्यायला अंधारात जाणाऱ्या शेतकऱ्याबद्दलही तेच म्हणावंसं वाटतं. दिवसा वीज ही इथे बिबट्याच्या बंदोबस्ताचीच मागणी आहे.

पिंपरखेडच्या तिसऱ्या मृत्यूनंतर पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला, वन विभागाचं वाहन जाळलं गेलं आणि एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. राज्याने बिबट्याला पहिल्या अनुसूचीतून दुसरीत आणण्याची मागणी लावून धरली. वरवर हा कागदोपत्री बदल वाटतो. पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी मालमत्तेचं नुकसान हेही परवानगीचं कारण ठरतं, परवानगी खालचा अधिकृत अधिकारी देऊ शकतो, आणि केंद्राला हवं तर त्या प्राण्याला ठरावीक भागात ‘उपद्रवी’ घोषित करता येतं, म्हणजे तिथे त्याच्या शिकारीवरची बंदी उठते. रानडुक्कर आणि नीलगाय यांच्या बाबतीत ‘उपद्रवी’ हा शब्द बिहारमध्ये २०१५ मध्ये वापरला गेला होता. बिबट्यासाठी तो दरवाजा उघडायचा असेल तर आधी संख्या ठाऊक हवी. २०२२ च्या अंदाजात महाराष्ट्रात १,९८५ बिबटे धरले आहेत, पण ती मोजणी मुख्यतः व्याघ्रक्षेत्रातल्या जंगलांची आहे. उसातले बिबटे तिच्यात नाहीत.

नसबंदीचा प्रयोगही मंजूर झाला आहे, जुन्नर भागात पाच बिबट्यांपुरता. त्यासाठी मादी पकडायची, प्रजनन रोखण्याचा उपचार करायचा आणि तिला तिच्याच क्षेत्रात परत सोडायचं, नाहीतर रिकाम्या जागेत दुसरी येईल. सोडण्याच्या दिवशी त्या गावाला कोण सामोरं जाणार, हे अजून कुठल्या आदेशात दिसलेलं नाही.