शिकाऊ उमेदवारीची पार्श्वभूमी : आयटीआय, कारखाना आणि कलम १८

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात आयटीआयचा निकाल लागला की अप्रेंटिसच्या जागा किती निघणार, विद्यावेतन किती मिळणार आणि वर्षानंतर कंपनी ठेवून घेणार की नाही, हे तीन प्रश्न ठरल्याप्रमाणे चर्चेला येतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नियमांत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर सापडत नाही, कारण ते देण्याची वेळ कोणावर येऊ नये अशीच कायद्याची रचना मुळात केली गेली होती. ही रचना कशी घडली आणि गेल्या दहा-बारा वर्षांत तिचा उपयोग कसा बदलत गेला, हे पाहिल्याशिवाय उमेदवाराला शिकाऊ मानायचे की कामगार, हा सध्याचा वाद नीट कळत नाही.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येईल. शिकाऊ उमेदवारांविषयीचा पहिला कायदा १८५० चा असून तो प्रामुख्याने अनाथ आणि गरीब मुलांना एखाद्या धंद्यात करार करून अडकवण्यासाठी होता. परळची रेल्वे वर्कशॉप असोत की १८६९ मध्ये सुरू झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना, तिथले कसब मिस्त्रीच्या हाताखाली वर्षानुवर्षे राहूनच मिळत असे. मुंबईत १८८७ मध्ये तंत्रशिक्षणाची मोठी संस्था उभी राहिली, पण ती शहरापुरती होती. आज ज्याला आपण आयटीआय म्हणतो त्या व्यवस्थेची सुरुवात १९५० च्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेपासून झाली. १९५६ पासून या संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला, मात्र अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र केंद्राच्या अखत्यारीतच राहिले. अभ्यासक्रम दिल्लीत ठरणार, निदेशकांचे पगार मुंबईहून निघणार आणि यंत्रखरेदीची फाइल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अडकणार, या अनुभवाचे मूळ त्या विभागणीत आहे.

१९६१ हे वर्ष या भागासाठी दुहेरी महत्त्वाचे ठरले. त्याच वर्षीच्या राज्य कायद्यातून औद्योगिक वसाहती उभारणारे महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी अस्तित्वात आले, आणि केंद्राने केलेला शिकाऊ उमेदवार अधिनियम १ मार्च १९६२ पासून लागू झाला. भोसरीच्या वसाहतीत प्लॉट पडत असतानाच त्या प्लॉटवर उभ्या राहणाऱ्या कारखान्यांवर ठरावीक प्रमाणात उमेदवार घेण्याचे बंधन आले. कोणत्या व्यवसायात किती कामगारांमागे किती उमेदवार, हे प्रमाण नियमांनी ठरवले होते. शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याच्या कार्यालयातून कंपनीची पाहणी होई, जागा निश्चित होत आणि प्रत्येक उमेदवाराचा करार त्या कार्यालयात नोंदवला जाई. आयटीआयत काढलेला काळ उमेदवारीच्या मुदतीत धरला जात असल्याने फिटर, टर्नर किंवा मशिनिस्टला दोन वर्षांच्या आयटीआयनंतर कंपनीत साधारण एकच वर्ष काढावे लागे. आयटीआय न केलेल्या नव्या मुलाला मात्र आधी मूलभूत प्रशिक्षण केंद्रात बसावे लागे. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा आणि दुसरे प्रमाणपत्र.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत या व्यवस्थेला या पट्ट्यात खरोखर वजन होते, हे मान्य केले पाहिजे. ट्रक बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने १९६६ मध्ये पिंपरीत पाया घातला आणि तिथून पहिली गाडी बाहेर पडली १९७७ मध्ये. मधल्या काळात तिथे टूलरूम, मशीन टूल्स आणि प्रशिक्षण विभाग उभे राहिले, म्हणजे माणसे आधी तयार झाली आणि गाड्या नंतर. औंधच्या शासकीय संस्थेतून किंवा महापालिकेने मोरवाडीत चालवलेल्या आयटीआयतून बाहेर पडणारा मुलगा अशा ठिकाणी गेला, की त्याला प्रथम पुन्हा कामाच्या बाकापाशी (वर्कबेंचपाशी) उभे केले जाई. व्हाइसमध्ये माइल्ड स्टीलचा तुकडा पकडायचा, बास्टर्ड फाइलने (जाड कानशीने) जास्तीचा धातू काढायचा, स्मूथ फाइलने (बारीक कानशीने) पृष्ठभाग आणायचा, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासणारा गुण्या) लावून उजेडाकडे धरून फट दिसते का ते पाहायचे आणि व्हर्निअरवर माप आले नाही तर जॉब नव्याने सुरू करायचा. त्यानंतर ठरलेल्या तक्त्याप्रमाणे मेंटेनन्स, टूलरूम, असेंब्ली, इन्स्पेक्शन अशी फिरती असे आणि रोजच्या कामाची नोंद असलेल्या वहीवर सुपरवायझरची सही लागत असे. उमेदवारीचे वर्ष म्हणजे शिक्षणाचे वर्ष, ही कल्पना त्या वहीत प्रत्यक्ष दिसत असे.

तेव्हाही सगळे सरळ नव्हते. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविकाधारक अभियंते कायद्याच्या कक्षेत आले आणि त्यांच्या विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्राने उचलला. आयटीआयच्या मुलाचे विद्यावेतन मात्र पुढेही बराच काळ पूर्णपणे मालकाच्या खिशातून जात होते. कोणाच्या शिक्षणावर सरकार खर्च करू इच्छिते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. राज्यात १९८४ मध्ये व्यवसाय शिक्षणाचे संचालनालय तंत्रशिक्षणापासून वेगळे झाले, संस्था तालुक्यातालुक्यांत पोहोचल्या आणि शासकीय आयटीआयची संख्या पुढे चारशेच्या वर गेली. त्या मानाने कारखान्यांतील जागा वाढल्या नाहीत, आणि सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रे, आलेल्या शॉपमधून परतलेल्या मुलाला आपल्या संस्थेतले लेथ वडिलांच्या काळातले आहेत हे दिसू लागले.

वादाचे मूळ मात्र यंत्रांत नसून १९६१ च्या कायद्यातील कलम १८ मध्ये आहे. निर्देशित, म्हणजे कायद्याखाली ठरवून दिलेल्या, व्यवसायात प्रशिक्षण घेणारा उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू होणार नाहीत, असे हे कलम सांगते. त्याच्या जोडीला कलम २२ होते. मुदत संपल्यावर उमेदवाराला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही, तसेच करारात वेगळे म्हटले नसेल तर ती स्वीकारण्याचे बंधन उमेदवारावरही नाही, असे ते कलम होते. कारखान्याच्या सुरक्षा, आरोग्य आणि कल्याणाच्या तरतुदी उमेदवारालाही लागू ठेवल्या होत्या आणि अपघात झाल्यास भरपाईचा हक्कही होता. पण बोनस, ग्रॅच्युइटी, कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) हे सारे कुंपणापलीकडे राहिले.

या तरतुदीचे वेगळेपण समजण्यासाठी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याकडे पाहावे लागते. त्या कायद्याने कामगाराची व्याख्या करताना शिकाऊ उमेदवाराचा समावेश स्पष्ट शब्दांत केला होता. म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्षी जो कामगार होता, तो चौदा वर्षांनी, नोंदणीकृत कराराखाली आला की कामगार उरला नाही. त्या वेळचा युक्तिवाद समजण्यासारखा होता. शिकणाऱ्यावर पूर्ण वेतन आणि कायम नोकरीचा बोजा टाकला तर कोणीच कोणाला शिकवणार नाही, म्हणून शिकवण्याच्या बदल्यात मालकाला ही सवलत द्यायची. सवलतीला अट होती आणि ती अट म्हणजे प्रशिक्षण. पुढे सवलत टिकली आणि अट पातळ होत गेली, असे माझे वाचन आहे, आणि त्याला महाराष्ट्रातील एक खास कारण आहे.

आपल्याकडील आदर्श स्थायी आदेशांनुसार, म्हणजे कारखान्यातील नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या नमुना नियमांनुसार, तात्पुरत्या कामगाराचे बारा महिन्यांत २४० दिवस भरले की त्याला कायम होण्याचा हक्क मिळतो. तात्पुरत्या माणसांना कायमपणापासून वंचित ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे तसेच राबवणे ही राज्याच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित प्रथा ठरवली आहे. याचा परिणाम या पट्ट्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे: सात महिन्यांचा टेम्पररी, मग ब्रेक, मग दुसऱ्या कंपनीचे गेट. शिकाऊ उमेदवाराला मात्र २४० दिवसांची मोजदाद लागूच होत नाही. तो पूर्ण वर्षभर, तिन्ही पाळ्यांच्या फॅक्टरीत, त्याच स्टेशनवर उभा राहू शकतो आणि वर्षअखेरीस दावा न करता बाहेर पडतो. ज्या दिवशी हे गणित कोणाच्या तरी लक्षात आले, त्या दिवसापासून उमेदवार घेण्यामागचा हेतू बदलला.

न्यायालयांनी या प्रश्नावर दोन दिशांनी निकाल दिले. १९९५ मध्ये उत्तर प्रदेशातील परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की इतर बाबी समान असतील तर थेट भरतीपेक्षा प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावे, त्यासाठी सेवायोजन कार्यालयाची शिफारस मागू नये आणि वयात सूट द्यावी. शासकीय उपक्रमांतील मुलांनी या निकालाचा आधार पुष्कळ घेतला, पण प्राधान्य म्हणजे हक्क नव्हे हे त्यांना लवकरच कळले. २००४ मध्ये त्याच न्यायालयाने उमेदवाराचा करार नोंदवला गेला नसला तरी केवळ त्यामुळे तो कामगार होत नाही, असे ठरवले. माझ्या मते या इतिहासातील हा सर्वांत कमी चर्चिला गेलेला आणि सर्वांत दूरगामी टप्पा आहे, कारण सल्लागाराच्या कार्यालयातील नोंदणी हीच कराराच्या शिक्षणाच्या बाजूवर देखरेख ठेवण्याची जागा होती, आणि ती चुकवल्याचा तोटा मालकाला उरला नाही.

२०१४ ची दुरुस्ती या पार्श्वभूमीवर आली आणि २२ डिसेंबर २०१४ पासून लागू झाली. व्यवसायनिहाय प्रमाण जाऊन, कंत्राटी माणसे धरून एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १० टक्के असा एकच पट्टा आला. कंपनीने स्वतः आखलेले ऐच्छिक व्यवसायही उमेदवारीस पात्र ठरले. कायदा मोडणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती, ती काढून रिकाम्या ठेवलेल्या प्रत्येक जागेमागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये आणि पुढे १,००० रुपये असा दंड ठेवला गेला. उमेदवार घेऊन त्याला विद्यावेतन देण्यापेक्षा दंड भरणे उघडच स्वस्त होते. तरीही जागा भरू लागल्या, याचा अर्थ त्या दंडाच्या भीतीने भरत नव्हत्या. कलम २२ मध्येही बदल झाला. प्रत्येक मालकाने आपल्याकडे उमेदवारी पूर्ण केलेल्यांच्या भरतीसाठी स्वतःचे धोरण आखावे, असे आता त्यात लिहिले आहे.

याच सुमारास, २०१३ पासून, तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय नियामकाच्या नियमांतून नीम नावाची वेगळीच वाट निघाली होती. तिथला मुलगा कायद्याच्या अर्थाने शिकाऊ उमेदवार नव्हता. तो कंपनीचाही नव्हता, कारण त्याला पुरवणारी संस्था तिसरीच असे आणि त्याला अकुशल कामगाराच्या किमान वेतनाइतके विद्यावेतन मिळे. कागदावर ती रोजगारक्षमता वाढवणारी योजना होती. चाकणच्या गेटवर मात्र ‘नीम’ हा माणसाचाच प्रकार झाला, जसे परमनंट, टेम्पररी, कंत्राटी, अप्रेंटिस आणि नीम. एकाच लाइनवर सारखाच नटरनर (नट आवळण्याचे यंत्र) हातात घेतलेल्या पाच जणांचे कागद पाच प्रकारचे असू शकत होते. ही योजना पुढे गुंडाळण्यात आली, पण तिने लावलेली सवय गेली नाही.

१९ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेने विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल दरमहा १,५०० रुपये, केंद्राकडून देऊ केला. २०१९ च्या नियमबदलाने उमेदवारांच्या टक्केवारीची वरची मर्यादा १५ टक्के केली, सक्तीची कक्षा ४० ऐवजी ३० माणसांच्या आस्थापनेपर्यंत आणली आणि विद्यावेतन ५,००० ते ९,००० रुपयांच्या टप्प्यांत बांधले. आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराच्या वाट्याला किमान ७,००० आले. या बदलाचे स्वागत झाले, परंतु २०१४ नंतरच्या व्यवस्थेत विद्यावेतन निमकुशल कामगाराच्या किमान वेतनाच्या टक्केवारीशी जोडलेले होते आणि २०१९ मध्ये तो दुवा तुटून त्या जागी एक ठरावीक आकडा आला, याकडे फारसे लक्ष गेले नाही. किमान वेतन महागाईबरोबर सरकते. ठरावीक आकडा हलवायला नवी अधिसूचना लागते.

राज्याच्या पातळीवर २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने याच कल्पनेची आणखी एक आवृत्ती आणली. त्यात बारावी, आयटीआय-पदविका आणि पदवी यांना अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये, सुरुवातीला सहा महिने आणि नंतर वाढवून अकरा महिने देण्यात आले. मुदत संपत आल्यावर प्रशिक्षणार्थींनी कायम करण्याची मागणी घेऊन आंदोलने केली, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. कलम १८ चा इतिहास माहीत असणाऱ्यांना वाटले नसेल.

संस्थांच्या सुधारणेचे प्रयत्न समांतर चालू राहिले. २००७-०८ पासून देशातील १,३९६ शासकीय आयटीआयना उद्योगांच्या भागीदारीत प्रत्येकी अडीच कोटींचे बिनव्याजी कर्ज मिळाले. परीक्षा २०१३ मध्ये सत्रनिहाय झाली आणि २०१८ पासून पुन्हा वार्षिक. अलीकडे एक हजार संस्थांच्या उन्नतीसाठी ६०,००० कोटींची योजना मंजूर झाली आहे. त्यातून यंत्रे येतील आणि ती यायलाच हवीत, पण संस्थेच्या फाटकाबाहेर पडल्यावर त्या मुलाचे नाव कोणत्या रजिस्टरात लिहायचे, हा प्रश्न या योजनांच्या कक्षेत नाही.

त्या प्रश्नाला दुसरीकडून उत्तर आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांपैकी औद्योगिक संबंध संहितेने १९४७ च्या कायद्याची जागा घेतली आणि कामगाराच्या व्याख्येत जिथे पूर्वी शिकाऊ उमेदवाराचा समावेश होता, तिथे ‘१९६१ च्या कायद्याखालील उमेदवार वगळून’ अशा अर्थाचे शब्द आले. आता विसंगती उरली नाही, एवढे खरे. कलम २२ नुसार प्रत्येक कंपनीने आखायचे भरतीचे धोरण आजही कायद्यात आहे, मात्र ते फलकावर लावण्याचे, उमेदवाराला करारासोबत देण्याचे किंवा कोणत्याही कार्यालयात दाखल करण्याचे बंधन त्या कलमाने घातलेले नाही.