गल्लीतला ढोल आणि पाचवी मिती

गिरगावात आमच्या चाळीच्या गणपतीत यंदा एका वक्त्यांनी ठासून सांगितलं की शास्त्रज्ञांना पाचवी मिती सापडली आहे आणि आत्म्यांचा वास तिथेच असतो. पहिल्या रांगेत दहावीची मुलं बसली होती, म्हणून हे लिहितोय. अशी मिती सापडलेली नाही. ज्या प्रश्नापायी ती सुचली, तो मात्र फार सुंदर आहे.

दूरचे अधिनव तारे (स्फोट होऊन झळाळणारे तारे, सुपरनोव्हा) अपेक्षेपेक्षा मंद दिसतात, म्हणजेच जास्त लांब आहेत, हे १९९८ साली दोन गटांनी दाखवलं. म्हणजे विश्वाचं प्रसरण मंदावत नाही, वेग घेतंय. या शोधाला २०११ चं नोबेल मिळालं. बहुतेक जण याचं कारण कृष्ण ऊर्जा, म्हणजे प्रसरणाला रेटणारी एक न उलगडलेली ऊर्जा, मानतात. पण लांबवर गुरुत्वाकर्षणाचाच नियम बदलत असेल तर?

विसर्जनाला ढोल नीट ऐका. अरुंद गल्लीत आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींत कोंडतो आणि पार टोकाच्या घरातली भांडी थरथरतात. पथक चौपाटीच्या वाळूवर उतरलं की तोच ढोल थोड्या अंतरावरही मऊ लागतो, कारण आवाजाला पसरायला जागा मिळते. गुरुत्वाकर्षणाचंही तसंच. आपल्या तीन मितींत अंतर दुप्पट झालं की बल पाव होतं. अवकाशाला आणखी एक मिती (काळ धरून पाचवी) असती, तर ते एक अष्टमांशच उरलं असतं.

द्वाली, गाबादाद्झे आणि पोराती या भौतिकशास्त्रज्ञांनी २००० साली मांडलं की आपलं विश्व मोठ्या अवकाशातल्या पडद्यासारखं आहे. जवळच्या अंतरात गुरुत्वाकर्षण पडद्यातच राहतं, अब्जावधी प्रकाशवर्षांवर बाहेर गळू लागतं. गल्ली संपते, चौपाटी लागते.

गुरुत्वाकर्षण प्रसरणाला ब्रेक लावतं; नुसत्या गळतीने तो ब्रेक सैल होतो, वेग वाढत नाही. खरी करामत समीकरणात आहे. नेहमीच्या समीकरणात प्रसरणाच्या दराचा (दीर्घिकेचा वेग भागिले तिचं अंतर) वर्ग द्रव्याच्या घनतेवर ठरतो. इथे घनतेच्या जोडीला खुद्द दराच्या प्रमाणातलं एक पद येतं. त्यामुळे द्रव्य विरळ होत संपत आलं तरी दर शून्यावर जात नाही, एका किमतीवर टेकतो. दर स्थिर, म्हणजे दीर्घिका दुप्पट लांब गेली की दुप्पट वेगाने पळणार. कृष्ण ऊर्जेशिवाय प्रसरणाला वेग!

मला ही कल्पना अजूनही मोहवते, पण ती टिकली नाही. तिच्या गणितात अस्थिरता निघाली आणि निरीक्षणांशीही मेळ बसेना. गळतीचा शोध मात्र वेगळ्या वाटेने चालू राहिला. १७ ऑगस्ट २०१७ ला, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (अतिशय दाट, मृत ताऱ्यांच्या) टकरीतल्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे तरंग, पृथ्वीवर टिपल्या गेल्या. वाटेत गळती झाली असती, तर त्या क्षीण होऊन पोचल्या असत्या आणि टक्कर आहे त्याहून लांब भासली असती. लहरींच्या जोरावरून काढलेलं अंतर आणि टक्कर जिथे झाली त्या दीर्घिकेचं दुर्बिणींनी मोजलेलं अंतर जुळलं. म्हणजे गळती दिसली नाही.