पत्रा कापला जात नाही, फाटतो

गोव्यात मे महिन्यात पत्र्याचे काम करणारे फॅब्रिकेटर फोन उचलत नाहीत. टेरेसवर छप्पर, अंगणात शेड, गाडीला आडोसा, सगळ्यांना सगळे पहिल्या पावसाआधी हवे असते. मग वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळणाऱ्या या प्रदेशात चवथीपर्यंत काही छपरांच्या कडेला तांबूस रेघ उमटते आणि निकाल लागतो: पत्रा डुप्लिकेट! याच सुमारास मोबाइलवर लोहचुंबकाचा व्हिडिओ फिरू लागतो. चुंबक चिकटले तर पत्रा नकली, म्हणे. छपराच्या रंगीत पत्र्याच्या पोटात बहुतेक वेळा पोलादच असते, वर जस्ताचा किंवा ॲल्युमिनियम-जस्ताचा पातळ थर असतो आणि त्यावर रंग. चुंबक चिकटणारच. ॲल्युमिनियमचा पत्रा तेवढा त्याने ओळखता येईल, दर्जा नाही.

चुंबक खिशात ठेवा आणि पत्र्याची कापलेली कड बघा. सोनाराकडचे दहापट मोठे दाखवणारे भिंग मिळाले तर फारच छान. अर्ध्या मिलिमीटरच्या त्या कडेवर वरून खाली चार पट्टे दिसतात: आधी किंचित गोलावलेला खांदा, मग चकचकीत पट्टा, त्याखाली करडा, खरबरीत, जरा तिरका भाग आणि शेवटी बोटाला टोचणारी कूस. कारखान्यात या कुसेला ‘बर’ म्हणतात.

हे चार पट्टे का पडतात, हा माझ्या फार आवडीचा भाग आहे. ब्लेडने पत्रा कापला जातो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कापडाच्या दुकानात जे घडते तेच इथे घडते. दुकानदार कात्रीने जरासा छेद देतो आणि उरलेले टरकन फाडतो. ब्लेडही सुरुवात करून देते, पुढचे काम भेग करते.

वरचे ब्लेड पत्र्यावर टेकते तेव्हा पत्रा आधी वाकून आत दबतो, त्यातून तो गोल खांदा येतो. मग ब्लेड धातूत शिरते आणि धातू त्याच्या बाजूला घासत सरकतो. या घासण्यानेच चकचकीत पट्टा पडतो. मऊ पोलादात तो जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका असतो. छपरासाठी वापरतात त्या कडक पोलादात तो बराच अरुंद, कारण कडक पोलाद लवकर हार मानते. त्यानंतर भेगांची पाळी. वरच्या ब्लेडच्या धारेपाशी एक आणि खालच्या ब्लेडच्या धारेपाशी एक, अशा दोन भेगा जन्मतात आणि एकमेकींच्या दिशेने धावतात. त्या मधोमध भेटल्या की तुकडा सुटतो.

भेग धारेपाशीच का जन्मते? १९१३ मध्ये ब्रिटिश अभियंते चार्ल्स इंग्लिस यांनी गणिताने दाखवले की खाच किंवा भोक जितके टोकदार, तितका त्याच्या टोकाशी ताण साचतो. टोकाची त्रिज्या चौथाई झाली की साचलेला ताण जवळजवळ दुप्पट होतो. १९२१ मध्ये दुसरे ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून पुढचा धागा जोडला: भेग वाढताना नवा पृष्ठभाग तयार करावा लागतो, त्याला ऊर्जा लागते आणि ताणलेल्या पदार्थातून जेव्हा तेवढी ऊर्जा सुटू शकते तेव्हाच भेग पुढे सरकते. काच ठिसूळ, म्हणून तिथे हिशेब सरळ बसतो. पोलाद हट्टी. त्यात मँगनीज सल्फाइडसारखे परके कण विखुरलेले असतात. धातू ताणला की या कणांभोवती सूक्ष्म पोकळ्या उघडतात, फुगतात, शेजारणीला जाऊन मिळतात. अशा जोडल्या गेलेल्या पोकळ्या म्हणजेच भेग. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो करडा भाग खळग्याखळग्यांचा दिसतो. प्रत्येक खळगा ही एका पोकळीची अर्धी भिंत.

आता दोन भेगा भेटायच्या तर दोन ब्लेडांमधली फट नेमकी हवी. पोलादासाठी ती जाडीच्या पाच ते दहा टक्के धरतात. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला दहा टक्के म्हणजे ०.०५ मिलिमीटर. फट फार कमी असेल तर भेगा एकमेकींना चुकवून समांतर जातात, मधली पट्टी पुन्हा कापावी लागते आणि कडेवर दुसरा चकचकीत पट्टा उमटतो. फट फार मोठी असेल तर पत्रा आधी फटीत दुमडतो आणि मग ओढून फाटतो. खांदा मोठा, कूस लांब. ब्लेडांच्या याच जोडीवर, म्हणजे डायवर, आज ०.४५ मिलिमीटरचा पत्रा आणि उद्या दोन मिलिमीटर जाडीची पर्लिन (छपराखालची आडवी तुळई) कापायची म्हटले तर फट बदलावीच लागते. ‘चालतंय की’ म्हणून ती तशीच ठेवली की कड बोलते.

धार बोथट झाली की गंमत वेगळी. गोलावलेल्या धारेवर ताण पसरतो, त्यामुळे भेग टोकाशी न जन्मता थोडी बाजूला, ब्लेडच्या अंगाला जन्मते. जन्मस्थान आणि टोक यांच्यामधला जो धातू शिल्लक राहतो तीच मोठी कूस. म्हणून कापल्यावर दोन्ही तुकडे हातात घ्यायचे. वरच्या ब्लेडने ज्या तुकड्याला खाली ढकलले त्याच्या वरच्या अंगाला कूस मोठी असेल तर वरचे ब्लेड धारेला द्या. खालच्या ब्लेडवर टेकलेल्या तुकड्याच्या खालच्या अंगाला मोठी असेल तर खालचे. पुष्कळदा चुकीचे ब्लेड ग्राइंडरकडे जाते ते तुकडे न बघितल्यामुळे.

रोल फॉर्मिंगमध्ये एक अडचण आणखी. तिथे पत्र्याची गुंडाळी (कॉइल) उलगडत एकामागून एक रोलांच्या जोड्यांतून जाते, सपाट पट्टीला नागमोडी किंवा चौकोनी घड्या पडतात आणि शेवटी तयार आकार कापला जातो. ब्लेड वरून खाली येते. घडीच्या आडव्या भागात ते पत्र्याच्या जाडीतून जाते, पण उभ्या भिंतीत ते त्या भिंतीच्या पातळीतूनच खाली सरकते. भेगेला आता अर्धा मिलिमीटर नव्हे, भिंतीची सगळी उंची चालायची असते. वर सांगितलेले चार पट्टे इथे नीट पडत नाहीत. त्यामुळे सपाट भाग स्वच्छ आणि भिंती फाटक्या असतील तर फटीच्या मागे लागण्याआधी ब्लेडचा आकार घडीशी जुळतो का, आतून आधार देणारी डाय भिंतीला टेकते का, हे बघावे.

बाकीचे निदान बरेचसे वेळापत्रकावरून होते. कूस रोज थोडी वाढत गेली तर झीज. एका कॉइलपासून अचानक आली तर मालाची जाडी किंवा कडकपणा. प्रत्येक पत्र्यावर त्याच जागी दात दिसला तर ब्लेडचा टवका उडालेला. एका टोकाला स्वच्छ आणि दुसऱ्या टोकाला फाटकी असेल तर ब्लेडे समांतर नाहीत. फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, दोन्ही टोकांना लावा. काही यंत्रांत पत्रा न थांबता धावतो आणि डाय त्याच्याबरोबर धावत कापते. तिथे डाय मागे पडली तर पत्रा ब्लेडवर आदळून कड दुमडते. एकदा यंत्र थांबवून कापून बघायचे. थांबून कापलेली कड स्वच्छ आली तर ब्लेड निर्दोष, वेगाचा मेळ चुकलेला.

यंत्राला दृष्ट लागली असे मात्र नसते. वेर्ण्याची औद्योगिक वसाहत असो की कुंडईची, दसऱ्याला यंत्राची पूजा व्हावी, हळदकुंकवाने काही बिघडत नाही. ब्लेडच्या वर टांगलेल्या लिंबू-मिरचीने बिघडते. लिंबात सायट्रिक आम्ल असते आणि ते ठिबकले की पोलादाची ताजी धार काळवंडते. दृष्ट काढायचा उपायच ब्लेडला बाधतो. ‘आयुष्यभर गंज नाही’ अशी जाहिरातही मी याच खात्यात टाकतो, कारण वर कसलाही थर द्या, कापलेल्या कडेवर पोलाद उघडे पडतेच.

उघडे पडूनही ते लगेच गंजत नाही, कारण शेजारचे जस्त त्याच्याऐवजी स्वतः झिजते. पातळ पत्र्याला हे संरक्षण पुरते. ॲल्युमिनियम जास्त असलेल्या थरात जस्त कमी, म्हणून ते कडेला जरा कमी जोमाने मिळते. कूस मोठी असली की तिच्यावर रंग ठरत नाही, आडोशाला पाणी साचून राहते आणि कोलवा-कांदोळीच्या किनाऱ्याकडे त्या पाण्यात मीठही असते.

मात्र कडेपासून दूर, पत्र्याच्या अंगावर तांबूस ठिपके विखुरलेले असतील तर कारखान्याला दोष देऊ नका. ती ग्राइंडरची करणी. साइटवर फिरत्या चकतीने पत्रा कापला की तापून उडालेले पोलादाचे कण रंगात रुततात आणि पहिल्या दमट रात्रीतच गंजतात. कडेजवळचा थरही जळतो. फॅब्रिकेटरला आधीच बजावावे: पत्रा कात्रीने किंवा निबलरने (छोटे छोटे चावे घेत कापणाऱ्या हत्याराने) काप, कुसेची बाजू खाली ठेव, भोके पाडल्यावर पडलेला कीस त्याच दिवशी मऊ ब्रशने झाडून काढ. कूस आहे की नाही हे बघायला बोट फिरवू नका, कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे कानस लावायची आणि पत्रा वर चढवण्याआधी जस्त मिसळलेल्या रंगाचा हात द्यायचा.