ब्रिटिश पेल एल : आस्वाद व परीक्षण

पेल एल हा इंग्लंडमधील एल जातीच्या (किंचित उबेत आंबवलेल्या) बिअरचा सोनेरी ते तांबूस रंगाचा प्रकार. पबमध्ये पिंपातून ओतला जाणारा हाच प्रकार 'बिटर' या नावाने ओळखला जातो. ब्रूअरीच्या (बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या) वहीत 'पेल एल' आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी 'बिटर' अशी ही दोन नावे व्हिक्टोरियन काळापासून एकाच पेयाला चालत आली. त्या काळी सर्रास प्यायल्या जाणाऱ्या गोडसर 'माइल्ड'पेक्षा ही कडू, म्हणून बिटर. तरीही चांगल्या बिटरमध्ये कडवटपणा एकटा कधीच पुढे येत नाही. मोड आणून भाजलेल्या जवाचा (माल्टचा) खमंगपणा, हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडू-मातकट गंध आणि यीस्टने दिलेला फळांचा हलका वास यांचा तोल म्हणजे बिटर. परीक्षकाने तपासायचा असतो तो हा तोल.

पार्श्वभूमी : लाकडाच्या जाळावर वाळवलेले माल्ट काळपट आणि धुरकट होत असे. दगडी कोळशापासून केलेला कोक १७ व्या शतकात भट्ट्यांमध्ये आला. त्याला धूर नव्हता आणि त्याची आच हवी तशी कमी-जास्त करता येत होती, त्यामुळे फिकट माल्ट हाती लागू लागले. १८ व्या शतकात लंडनच्या पूर्वेला बो येथे हॉजसन यांची ब्रूअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे तिथून जवळच, ब्लॅकवॉलला नांगर टाकत. जहाजांचे कप्तान हॉजसनची बिअर घेऊन निघत आणि मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या बाजारात ती विकत. वाटेत चार-सहा महिने सहज जात. 'इंडिया पेल एल' हे नाव या व्यापारातून आले. ही बिअर समुद्रप्रवासासाठी मुद्दाम शोधून काढली गेली, ही बहुतेक लेबलांवर छापली जाणारी गोष्ट मात्र इतिहासाला धरून नाही. भरपूर हॉप्स घातलेली, मुरवून प्यायची फिकट बिअर इंग्लंडात आधीपासून होत होती, आणि त्याच जहाजांतून पोर्टर ही काळी बिअरही हिंदुस्थानात येत होती.

१८२० च्या दशकात स्टॅफर्डशायरमधील बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या ऑलसॉप आणि बास या ब्रूअऱ्या या व्यापारात उतरल्या आणि काही वर्षांत त्यांनी हॉजसनला मागे टाकले. त्यांचा हुकमी एक्का होता विहिरीचे पाणी. ट्रेंट नदीच्या खोऱ्याखाली जिप्समचे थर आहेत आणि त्यांतून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम सल्फेट भरपूर असते. सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ, कोरडा आणि टोकदार लागतो. त्याच कृतीची बिअर लंडनच्या पाण्यात केली तर कडूपणा बोथट होऊन जिभेवर पसरतो. आता जगभरचे ब्रूअर पाण्यात जिप्सम मिसळतात आणि त्या क्रियेला 'बर्टनायझेशन' म्हणतात. एका गावाच्या विहिरीवरून रसायनक्रियेला नाव पडावे, इतका त्या पाण्याचा दबदबा होता. बासचा लाल त्रिकोण हा १ जानेवारी १८७६ रोजी ब्रिटनमध्ये नोंदला गेलेला पहिला ट्रेडमार्क.

दोन प्रकारचे गुण : या बिअरचे परीक्षण दोन अगदी वेगळ्या प्रश्नांसाठी होते आणि ते प्रश्न एकमेकांत मिसळले की निकाल चुकतो. पहिला प्रश्न : ही बिअर आपल्या प्रकाराला किती उतरली आहे? स्पर्धांमध्ये हेच पाहतात. अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या बीजेसीपी या परीक्षक-संस्थेची गुणपत्रिका घरगुती बिअरच्या स्पर्धांत जगभर वापरली जाते. तिच्यात एकूण ५० गुण असतात : गंधाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. दिसण्याला अवघे ३ गुण आहेत, हे नवख्या परीक्षकाने मनावर कोरून ठेवावे; सुंदर फेस पाहून मन आधीच पाघळते आणि मग नाक प्रामाणिक राहत नाही. याच संस्थेने बिटरचे तीन गट केले आहेत. ऑर्डिनरी बिटरमध्ये अल्कोहोल ३.२ ते ३.८ टक्के, बेस्ट बिटरमध्ये ३.८ ते ४.६ टक्के आणि स्ट्राँग बिटरमध्ये ४.६ ते ६.२ टक्के.

दुसरा प्रश्न : आत्ता या पबमध्ये समोर आलेला हा ग्लास कसा आहे? १९७१ मध्ये स्थापन झालेल्या 'कॅमरा' या ग्राहक-चळवळीची ० ते ५ गुणांची पद्धत एवढेच विचारते. पिता न येण्याजोग्या बिअरला ०, वाईट असली तरी कशीबशी संपवता येईल अशीला १, जिच्याबद्दल तक्रार नाही आणि कौतुकही नाही तिला २, चांगलीला ३, फार चांगलीला ४, आणि क्वचित भेटणाऱ्या निर्दोष ग्लासाला ५. अर्धा गुणही देता येतो. इथे परीक्षकाची वैयक्तिक आवड मोजायची नसते. गोडसर बिअर न आवडणाऱ्यानेही नीट राखलेल्या गोडसर बिअरला ४ द्यायला हवेत. या दुसऱ्या पद्धतीचे मोल मोठे आहे, कारण पिंपातली बिअर जिवंत असते. तिच्यातले यीस्ट पिंपातही काम करत राहते. ब्रूअरने निम्मे काम केलेले असते आणि उरलेले निम्मे पबच्या तळघरात होते.

तळघर : पिंप आले की त्याला आडवे ठेवून निवळू देतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी किंवा निवळीचे बी उगाळून घालावे, तसे इथे आयझिंग्लास घालतात. हे माशांच्या वाताशयापासून काढलेले प्रथिन यीस्टला तळाशी ओढून नेते. (शाकाहारी पिणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावे. अलीकडे काही ब्रूअऱ्या ते न वापरता किंचित धूसर बिअर देतात आणि तसे सांगतात.) पिंपाच्या वरच्या भोकातील लाकडी खुंटी आधी सच्छिद्र, मग घट्ट अशी बदलून वायूचे प्रमाण राखले जाते. नेहमीचे पिंप ९ गॅलनचे असते. त्याला 'फर्किन' म्हणतात आणि त्यात ७२ पिंट बिअर मावते. तोटी ठोकल्यावर आत हवा शिरू लागते, म्हणून साधारण तीन दिवसांत ते संपायला हवे. ज्या पबमध्ये खप कमी आणि पिंपे जास्त, तिथे चौथ्या दिवशीचा ग्लास मिळण्याचा धोका अधिक. पबमध्ये बिअर ओढायचे दहा दांडे ओळीने उभे दिसले तरी त्यावरून बिअर चांगली असल्याचा निष्कर्ष काढू नये.

तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस. यापेक्षा गार बिअरमध्ये वास दबून जातो आणि कडवटपणा एकटा उरतो; गरम झाली तर ती सैल, चिकट लागते. 'इंग्रज कोमट बिअर पितात' हा समज तळघराचे तापमान न कळल्यामुळे पसरला आहे. माठातल्या पाण्याला कोणी कोमट म्हणत नाही, आणि ही तर त्याहूनही गार असते. उत्तर इंग्लंडमध्ये नळीच्या टोकाला झारीसारखी बारीक छिद्रांची चकती लावतात. तिने फेस दाट, सायीसारखा होतो आणि थोडा कडवटपणा त्या फेसात निघून जातो. दक्षिणेकडे ती लावत नाहीत. यॉर्कशायरमधील कीथली येथील टिमथी टेलर ब्रूअरीची 'लँडलॉर्ड' ही बिअर या दोन्ही पद्धतींनी पिऊन पाहिली तर दोन वेगळ्या बिअर वाटाव्यात इतका फरक पडतो. या बिअरने कॅमराचा सर्वोच्च 'चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन' हा किताब चार वेळा मिळवला आहे.

एक ग्लास, जवळून : बेस्ट बिटरचा नमुना क्रमांक घातलेल्या ग्लासात समोर येतो. ब्रूअरीचे नाव झाकलेले असते. परीक्षकाने त्या दिवशी अत्तर लावलेले नसते, तिखट खाल्लेले नसते. पहिला वास ग्लास हाती येताच घ्यावा, कारण काही गंध अर्ध्या मिनिटात उडून जातात. काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसा गंधकाचा झटका आला तर घाबरू नये. बर्टनच्या बिअरची ती खूण आहे आणि चांगल्या नमुन्यात ती क्षणात विरते. मग ग्लास हलकेच फिरवून पुन्हा वास घ्यावा. आता मारी बिस्किटाचा, भाजलेल्या पावाच्या कडेचा, पाक होऊ लागलेल्या साखरेचा वास येतो, हा माल्टचा. त्याच्या मागून संत्र्याच्या सालीचा मुरांबा, ओली माती, सुकलेल्या पाल्याचा गंध. हा ईस्ट केंट गोल्डिंग्ज किंवा फगल या इंग्लिश हॉप्सचा. अमेरिकन हॉप्सचा आंबा, पपनस किंवा चीड राळेचा भपकारा आला तर बिअर उत्तम असू शकते, पण ती या गटातली नव्हे.

मग ग्लास उजेडासमोर धरावा. बिअर नितळ असावी. बुडबुडे मोजके असावेत, कारण या बिअरमध्ये वायू लॅगरच्या (थंडीत आंबवून मुरवलेल्या, आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या बिअरच्या) जवळपास निम्माच असतो. 'फेस बसला' म्हणून गुण कापणारा परीक्षक प्रकारच ओळखत नाही.

पहिला घोट मोठा घ्यावा आणि तोंडभर फिरू द्यावा. पुढे गोडसर खमंगपणा येतो, मध्यावर फळांची चाहूल लागते, आणि गिळताना कडवटपणा चढतो. तो कारल्यासारखा घसा धरून बसणारा नसावा. मेथीच्या भाजीसारखा, पुढच्या घासाची इच्छा जागवणारा असावा. बिअर गिळायचीच असते. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात, पण इथे गिळल्यानंतर नाकातून श्वास सोडताना जे कळते आणि घशात जे रेंगाळते, त्यावरच निम्मा निर्णय ठरतो. नमुना दहा मिनिटे बाजूला ठेवून पुन्हा चाखावा. साध्या बिटरमध्ये अल्कोहोल कमी, वायू कमी, भाजके माल्टही जपून घातलेले. दोष झाकायला जागाच नसते. चार टक्क्यांत भरलेली चव आणणे हे नऊ टक्क्यांची दणकट बिअर करण्यापेक्षा कठीण काम आहे, आणि स्पर्धांमध्ये दणकट बिअरच्या रांगेनंतर बिटर चाखायला देणे हा तिच्यावर अन्याय आहे. हलक्या नमुन्यांपासून सुरुवात करणे, हाच योग्य क्रम.

दोष : परीक्षकाने दोष ओळखून थांबू नये, तो कुठून आला हेही लिहावे. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास हा डायमिथाइल सल्फाइडचा. तो बहुधा उकळण्यातली किंवा थंड करण्यातली कसूर दाखवतो. हिरव्या सफरचंदाचा वास ॲसिटाल्डिहाइडचा. अनेकदा बिअर कच्ची काढल्याची ती खूण असते. दवाखान्यासारखा वास पाण्यातल्या क्लोरिनमुळे येतो. फार वेळ उकळलेल्या चहासारखा तुरटपणा आला तर धान्याच्या टरफलांतून नको ते उतरले आहे. हे सगळे ब्रूअरकडचे. व्हिनेगरचा आंबूसपणा, मरगळलेला सपाटपणा हे बहुतेक तळघराकडचे. ओल्या पुठ्ठ्याचा वास हवा लागून जुनी झालेल्या बिअरचा. बाटल्यांत तो अधिक भेटतो. बाटली बिनरंगी किंवा हिरव्या काचेची असेल आणि उजेडात राहिली असेल तर हॉप्समधील कडू द्रव्ये फुटून एक उग्र, कुजकट दर्प तयार होतो. तपकिरी काच त्यासाठीच वापरतात.

लोण्याच्या वासाची (डायासिटिलची) गोष्ट निराळी. काही इंग्लिश यीस्टमुळे तो अगदी पुसट येतो आणि तेवढा बिटरमध्ये खपवून घेतला जातो. लॅगरमध्ये तेवढ्यालाही क्षमा नाही. पण तो वास ठळक असेल, सोबत आंबटपणा असेल, तर नळ्या धुतलेल्या नाहीत असे समजावे. ताकात हवाहवासा वाटणारा वास इथे अस्वच्छतेची साक्ष देतो.

महाराष्ट्रात : २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या 'डूलली'पासून महाराष्ट्रात ताज्या एलची चव अनेकांना मिळू लागली. ते नावही इथलेच : नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत दिवस काढणाऱ्या गोऱ्या शिपायांनी 'देवळाली'चे 'डूलली' केले आणि इंग्रजीत त्याचा अर्थ 'डोके फिरलेला' असा झाला. अस्सल पिंपातली बिटर मात्र आपल्या हवामानात थंड तळघराशिवाय राखता येत नाही. आयात बाटलीवर चव पारखायची असेल तर आधी तारीख पाहावी, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली रांगेत उभी असलेली बाटली टाळावी आणि फ्रिजमधून काढल्यावर थोडा वेळ बाहेर राहू द्यावी. मे महिन्यात त्याला पाच-दहा मिनिटे पुरतात. ग्लास साबणाचा अंश न राहील असा धुवावा, कारण साबणाचा किंवा तुपाचा नुसता हात लागला तरी फेस मरतो. प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाचे एकेक कडे राहिले, तर ग्लास स्वच्छ आहे.