रिफ्रेश मारून काही होत नाही!

प्रोग्रॅम अडकला की आपल्याकडचा पहिला उपाय ठरलेला. डेस्कटॉपवर जायचं, राइट क्लिक, रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश! त्याने मेमरी मोकळी होते, ही समजूत मांजर आडवं जाण्याच्या पंगतीतली. रिफ्रेशने डेस्कटॉपवरचे आयकॉन नव्याने दिसतात, बस्स.

मग अडकतं काय? विंडोजमध्ये प्रोग्रॅमच्या खिडकीमागे संदेशांची एक रांग असते. तुम्ही कळ दाबली, माउस क्लिक केला, की त्याची चिठ्ठी रांगेत पडते. प्रोग्रॅमने एक चिठ्ठी उचलायची, काम उरकायचं, पुढची घ्यायची. एकाच चिठ्ठीचं काम लांबलं (नेटवर्कवरची फाइल येईना, किंवा कोड लूपमध्ये गरगरत राहिला) की मागची रांग तुंबते. पाच सेकंद त्याने रांगेकडे पाहिलंच नाही, तर विंडोज त्याच्या जागी एक तोतया खिडकी उभी करते. तिच्या माथ्यावर लिहिलेलं असतं ‘नॉट रिस्पॉन्डिंग’.

पाच सेकंद हा निव्वळ अंदाज. कोणताही प्रोग्रॅम घ्या, तो कायमचा अडकलाय की नुसता रेंगाळलाय हे हमखास सांगणारी रीत असूच शकत नाही. ब्रिटिश गणितज्ञ अॅलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या शोधनिबंधातून हेच निघतं. तेव्हा घड्याळ लावण्यावाचून गत्यंतर नाही.

आता ऑल्ट-एफ४ का चालत नाही ते कळेल. ‘बंद हो’ ही विनंतीसुद्धा त्याच तुंबलेल्या रांगेत जाऊन बसते! तोतया खिडकी आल्यावर मात्र विंडोज स्वतः विचारते, थांबायचं की बंद करायचं. वैतागून दहा वेळा एंटर मारू नका. प्रोग्रॅम जागा झालाच, तर त्या चिठ्ठ्याही वाचेल.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप त्या रांगेत जातच नाही. ती विंडोज परस्पर पकडते आणि टास्क मॅनेजर उघडते. तिथे प्रोग्रॅम निवडून ‘एंड टास्क’. सेव्ह न केलेलं काम मात्र गेलं.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट त्याहून वरचढ, कारण ती कोणत्याही साध्या प्रोग्रॅमला अडवता येत नाही. आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१ च्या पीसीसाठी ती मशीन पुन्हा सुरू करायला बनवली. आधी तिच्यात एस्केप होती, पण चुकून दाबली जाईल म्हणून दूरची डिलीट घेतली.

एवढं करूनही प्रोग्रॅम हटेना, तर बहुधा तो एखाद्या उपकरणाच्या उत्तराची वाट पाहतोय. खराब पेन ड्राइव्ह लावलेला असेल, तर काढून बघा.